गेल्या वर्षीच्या उन्हाचे मोदक

माझी ताई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते, मी तिसऱ्या मजल्यावर. मुलुंड पूर्वेला आमची ही जुनी चार मजली सोसायटी आहे. ताई घरातून पोळी-भाजी करून देते, सणाला पुरणपोळ्या देते, पण तिचं नाव आहे ते उकडीच्या मोदकांसाठी. गणेश चतुर्थीच्या दिवशी आमच्या आणि आसपासच्या इमारतींतल्या निम्म्या गणपतींसमोर ताईच्या हातचे एकवीस मोदक असतात. ज्यांच्या घरी ते नसतात, त्यांच्याकडे आरतीला गेलेली माणसं फार वेळ थांबत नाहीत.

मोदकांची मागणी ती आषाढातच घेते. वही नाही, पावती नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, "ताई, आमचे एकवीस," आणि ताई आतून म्हणते, "बरं." झाला व्यवहार. भाव मात्र त्याच दिवशी ठरलेला असतो आणि तो ठरवण्याचं काम माझं. मी एका कंपनीच्या कॉस्टिंग विभागात नोकरी करतो. एखाद्या वस्तूला किती खर्च येतो हे काढण्याचा मला पगार मिळतो आणि घरी तेच काम मी फुकट करतो.

त्या वर्षी मी भाव काढला तो असा. गेल्या पाच वर्षांत गणपतीच्या सुमाराला नारळ कितीला मिळाला ते पाहिलं, त्याची सरासरी घेतली आणि धोका नको म्हणून वर थोडी भर टाकली. नारळ आला पस्तीस रुपयांना. एका नारळात आठ मोदक हे ताईचं नेहमीचं माप. तांदळाची पिठी, गूळ, तूप, गॅस, खोके, मदतीला येणाऱ्या बायकांची मजुरी, सगळं धरून मोदकाचा भाव तीस रुपये. त्यात ताईला एका मोदकामागे नऊ रुपये सुटत होते.

हे नऊ रुपये त्या वर्षी महत्त्वाचे होते. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक छोटा गाळा रिकामा होता. ताईला तो हवा होता. छप्पन्न वर्षांची बाई, तीस वर्षं घरातल्या ओट्यावर दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटत आली, तिला आता स्वतःच्या दुकानाचं शटर हवं होतं. अनामत रकमेतला मोठा भाग तिनं साठवला होता, शेवटची भर मोदकांतून पडायची होती. गाळ्याचा मालक म्हणाला होता, "दसऱ्यापर्यंत थांबतो ताई, पुढे नाही." ताईनं माझ्याकडून खडू मागून घेतला आणि आपल्या हॉलच्या फरशीवर गाळ्याचा नकाशाच काढला, खऱ्या मापाचा. इथे शेगडी, इथे फ्रीझर, इथे गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. भावजी पेपर वाचायला खुर्चीकडे निघाले की ती ओरडे, "अहो, फ्रीझरमधून काय चालताय?" आणि बिचारे वळसा घालून जात.

श्रावण सुरू झाला आणि ताईचा नेहमीचा नारळवाला म्हणाला, "पासष्ट."

ताईला वाटलं, दोन नारळांचे. तिनं एकाचा भाव विचारला. तो म्हणाला, "एकाचाच सांगतोय, ताई." मी सोबत होतो. मी म्हटलं, घाऊक घेतले तर? त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घाऊकच सांगितला, साहेब. सुट्टा विचारू नका, त्रास होईल."

तिथूनच दोन नारळ आणून ताईनं फोडले. एरवी खोबऱ्याची जी जाडी असते ती नव्हती, वाटी हातात पातळ लागत होती. तिनं खवून पाहिलं आणि म्हणाली, "आठ कुठले? पाच होतील." मी उभ्या उभ्या हिशोब केला. पस्तीसच्या नारळात आठ मोदक म्हणजे मोदकाला सव्वाचार-साडेचार रुपयांचा नारळ. पासष्टच्या नारळात पाच म्हणजे तेरा रुपयांचा. फरक साडेआठच्या वर. नऊ रुपयांतले साडेआठ नारळानं खाल्ले.

"तुझी सरासरी आता मोदकात घालू का?" ताईनं विचारलं.

मी म्हटलं, "पाच वर्षांचे आकडे होते, ताई. एकही खोटा नव्हता."

"आकडे खरे होते रे. नारळानं ते वाचले नव्हते."

त्या संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा ती ओल्या फडक्यानं फरशी पुसत होती. आधी स्टूल पुसलं, मग फ्रीझर. शेगडी पुसताना थोडी थांबली, मग तीही पुसली. भावजी सवयीनं अजून वळसाच घालत होते. मी म्हटलं, भाव वाढवू. अडतीस करू. ती म्हणाली, "मी 'बरं' म्हटलंय सगळ्यांना. आता भाव वाढवला तर मी नफेखोर दिसेन."

"कारण सांगून वाढवू."

"मग नीट सांग," ती म्हणाली. "लोकांना कळेल असं."

आता, कारण मला माहीत होतं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी कर्नाटकातला, तुमकूरकडचा. त्याच्या घरचे माड आहेत. त्यानं डबा खाताना मला समजावलं होतं. माडाला फुलोरा आल्यापासून नारळ पिकायला वर्षभर लागतं. उन्हाळा भयंकर तापला, पाऊस वेळेवर झाला नाही, तर सुपारीएवढी कोवळी फळं तशीच गळून पडतात. ती गळतात तेव्हा बाजारात कोणाला पत्ता नसतो, कारण बाजारात आधीच्या वर्षीचे नारळ असतात. मग वर्षानं तुम्ही बाजारात जाता आणि नारळच नसतो. त्यात पानांवर पांढरी माशी पडते, ती रस शोषते. आणि उन्हाळे असे कडक झाले की लोक शहाळी जास्त पितात, म्हणजे जो नारळ पिकला असता तोही आधीच उतरवला जातो.

मला हे इतकं स्वच्छ समजलं होतं की दुसऱ्याला समजावणं अवघड जाईल असं वाटलंच नाही.

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी फळा आहे. पाणी कधी येणार, लिफ्ट बंद, रोजचा सुविचार, सगळं त्याच्यावर. तो लिहिण्याचं कामही माझ्याचकडे आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि इतर कोणाला वेळ नाही. मी रविवारी सकाळी सुविचार पुसला आणि वरच्या भागात मोठ्या अक्षरात लिहिलं: 'उकडीचे मोदक: एका नगास ३८ रुपये (पूर्वी ३०).' आणि खाली बारीक अक्षरात, अकरा ओळींत, कारणं. उष्णता, फुलोरा, फळगळ, माशी, शहाळी. शेवटी एक ओळ अशीही लिहिली की सगळी वाढ केवळ हवामानामुळेच आहे असं म्हणता येणार नाही, इतरही कारणं असू शकतात. खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे.

दुपारी पाऊस तिरका आला. फळ्यावर पत्र्याचं छप्पर आहे, पण ते फळ्याच्या निम्म्यापर्यंतच पोचतं. भाव वर होता, तो वाचला. कारणं खाली होती, ती सगळी वाहून गेली. संध्याकाळी लोक फिरून परत आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की मोदक अडतीसचा झाला आणि खाली पांढरं पाणी.

पहिला फोन आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. हे बँकेतून निवृत्त झालेले. सोसायटीच्या प्रत्येक बिलावर त्यांची हरकत असते आणि बहुतेक वेळा ती बरोबर असते, म्हणून ती जास्त लागते. मी या इमारतीत आलो तेव्हा तरुण होतो, तेव्हापासून ते मला अरे-तुरे करतात.

"काय रे, हिशोबनीस! आठ रुपये वाढ? पेट्रोल पण एका फटक्यात एवढं वाढत नाही."

"काका, खाली कारणं लिहिली होती."

"वाहून गेली ना? म्हणजे देवाला पण पटली नाहीत."

मग मी ठरवलं की तोंडीच सांगायचं. पुढच्या रविवारी सोसायटीची मासिक सभा होती, खाली पार्किंगमध्ये. सभेनंतर दहा मिनिटं मला द्या, असं मी सेक्रेटरीला सांगून ठेवलं. कार्डशीटवर आलेख काढला. एक रेघ तापमानाची, एक नारळाच्या भावाची, दोन्हींमध्ये साधारण एका वर्षाचं अंतर. तो मीटरच्या खोलीच्या जाळीला चिमट्यांनी लावला. मला तो आलेख अजूनही आवडतो. माझ्या बायकोनं तो घरीच पाहिला होता आणि एवढंच म्हणाली होती, "छान आहे. पण यात मोदक कुठे आहे?"

सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, कारण विषय पाण्याच्या टाकीचा नव्हता. ताई मागे खांबाला टेकून उभी होती. तिच्या बाजूला मोदकांना मदत करणारी मावशी, देवगडकडची. ती मोदकाला अशा बारीक पाकळ्या पाडते की बघणाऱ्याला खायचं सुचत नाही.

मी सुरुवात केली. माड, फुलोरा, ऊन, फळगळ. सगळे ऐकत होते. मी आलेखावर बोट ठेवून म्हटलं, "म्हणजे आज आपण जो भाव देतोय तो बहुधा गेल्या वर्षीच्या उन्हाचा आहे."

काकांचा हात वर. "बहुधा?"

"म्हणजे, मुख्यतः."

"मुख्यतः म्हणजे किती टक्के?"

"तसा नेमका आकडा माझ्याकडे नाही, काका."

"आकडा नाही!" काका सगळ्यांकडे वळले. "हा माणूस सोसायटीच्या झाडूचा खर्च पैशापर्यंत काढतो आणि याच्याकडे आकडा नाही!"

मी म्हटलं, "खोटा आकडा सांगू का?"

"तसं नको. पण गेल्या वर्षीचं ऊन गेल्या वर्षी भोगलं ना आम्ही? पंख्याखाली घाम पुसत बसलो, विजेचं बिल भरलं. परत आता मोदकात कसलं भरायचं? एकाच उन्हाचे दोनदा पैसे?"

लोक हसले. मला कबूल करायला हवं की मलाही क्षणभर मुद्दा बिनतोड वाटला.

मग प्रत्येकाची कारणं बाहेर पडली. एकजण म्हणाला, व्यापाऱ्यांनी गोदामात दाबून ठेवलेत. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हल्ली केसांच्या तेलाची जाहिरात किती असते बघा, सगळा नारळ तिकडे जातो. कोणी म्हणालं, निवडणूक आली की असंच होतं. निवडणूक जवळपास नव्हती. आणि मावशी मागून म्हणाली, "झिला, उन्हान नाय रे. माकडांनी खाल्ल्यानी. आमच्या गावाक एक नारळ रवलो नाय."

मी म्हटलं, "मावशी, माकडं कोकणातली. हे नारळ कर्नाटकातनं, केरळातनं येतात."

"मगे थंय माकडां नसतत?"

असतात. मी म्हटलं, माकडांचाही थोडा भाग असू शकेल. ते मी म्हणायला नको होतं. कारण पुढची पाच मिनिटं सभा माकडांवर चालली. त्यांना मारता येत नाही, पकडता येत नाही, वनखातं काही करत नाही. माझी तापमानाची रेघ जाळीवर एकटीच लटकत होती. वारा आला आणि एक चिमटा सुटला.

तेवढ्यात ताई पुढे आली. तिला सभेत बोलायची सवय नाही. ती आलेखाकडे बघून नाही, काकांकडे बघून बोलली.

"काका, तुम्ही सकाळी फिरायला जाता ना?"

"जातो की. रोज."

"परत येताना नाक्यावर शहाळं पिता."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"उन्हाळ्यात किती पिता?"

"एक. फार उकडलं तर दोन."

"ते शहाळं माडावर राहिलं असतं तर त्याचा नारळ झाला असता. तुम्ही तुमचे मोदक मे महिन्यातच प्यायलात, काका. मी आता कुठनं आणू?"

पार्किंगमध्ये असा हशा झाला की वॉचमन गेट सोडून बघायला आला. माझ्या अकरा ओळींत शहाळं दहाव्या ओळीवर होतं.

काका मात्र हरणारे नव्हेत. उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमचा प्रश्न नारळाचाच आहे ना? मग नारळ मी आणून देतो! कुर्ल्याला माझ्या ओळखीचा माणूस आहे. पस्तीसला नाही मिळाला तर नाव बदलीन. आम्ही गहू घेऊन गिरणीत जातोच की. गहू आमचे, दळण तुमचं. तसेच नारळ आमचे, मोदक तुमचे!"

"हो, हो," असा आवाज सगळीकडून आला. प्रत्येकाच्या ओळखीचा एक नारळवाला निघाला. कोणाचा घाटकोपरला, कोणाचा दादरला, कोणाच्या मेव्हण्याचा वाशीला. मुंबईत प्रत्येक माणसाला वाटतं की बाकीचे सगळे फसतात आणि स्वस्त माल कुठे मिळतो हे फक्त आपल्याला माहीत आहे. माझ्या मते या शहराचा निम्मा व्यापार याच समजुतीवर चालतो.

ताई एवढंच म्हणाली, "आणा. एकवीस मोदकांना पाच नारळ. मी मोदकाला सव्वीस घेईन."

घरी आल्यावर मी कागदावर मांडलं. नारळाची किंमत आता तिच्या अंगावरच नव्हती. सव्वीसमध्ये तिचे नऊ रुपये जिथल्या तिथे होते. मी खाली जाऊन तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "ते कळलं मला तिथेच. खडू आहे का तुझ्याकडे?" आणि भावजींचा वळसा पुन्हा सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात इमारत बाजारात होती. माणसं ऑफिसातून येताना पिशव्या घेऊन येत आणि जिन्यात भेटली की नजर चुकवत. "केवढ्याला मिळाले?" असं विचारलं की उत्तर येई, "घेतले बाबा." घाटकोपरची ओळख सांगणाऱ्यानं सत्तरने घेतले होते, हे त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. वाशीच्या मेव्हण्यानं नारळ साठने दिले, पण ते आणायला जाण्यायेण्याचे जे झाले त्याविषयी बोलायचं नाही असं घरात ठरलं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "खरंच हो, नारळवाला पण तेच म्हणाला. उन्हानं गळाले म्हणून. तुम्ही सांगत होता तसंच." मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "तो किती छान समजावून सांगतो पण!"

मी माझा हिशोबही पूर्ण केला, कारण अर्धवट ठेवण्याची मला सवय नाही. अडतीसच्या भावानं एकवीस मोदकांचे सातशे अठ्ठ्याण्णव झाले असते. आता सव्वीसने पाचशे सेहेचाळीस, अधिक पासष्टचे पाच नारळ तीनशे पंचवीस, मिळून आठशे एकाहत्तर. रिक्षा वेगळी. म्हणजे आठ रुपयांची वाढ नको म्हणून लोकांनी जास्तच पैसे खर्च केले होते, आणि खुशीत. मी तो कागद ताईला दाखवला. तिनं वाचला, घडी घातली आणि गॅसच्या ज्योतीवर धरला.

"हे फळ्यावर लिहिलंस तर याद राख," ती म्हणाली.

हरतालिकेच्या दिवशी सकाळपासून नारळ जमा व्हायला लागले. इथे एक नवीनच अडचण आली, जी माझ्या कुठल्याच आलेखात नव्हती. प्रत्येकाला आपल्याच नारळाचे मोदक हवे होते. "आमचे मोठे आहेत हां, बघून घेतलेत," असं सांगूनच पिशवी आत यायची. मी म्हटलं, सोपं आहे. प्रत्येक नारळावर खडूनं फ्लॅट नंबर घालायचा, फोडला की त्याच नंबरच्या पातेल्यात खवायचा, सारणही वेगळं शिजवायचं. ताईनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या घरातल्या दोन शेगड्यांकडे पाहिलं, आणि पुढची पिशवी आत ओढली. तिचा कडक उपास होता आणि वाद घालायला ताकद लागते.

संध्याकाळी काका आले. त्यांच्यामागे वॉचमन, त्याच्या खांद्यावर गोणी. "कुर्ला!" काका दारातूनच म्हणाले. "चाळीस रुपये. पस्तीस नाही, पण चाळीस. पाच माझे, बाकीचे कोणाला लागले तर." आणि ताईच्या हॉलमध्ये, नेमके फ्रीझरच्या चौकोनात, त्यांनी नारळ ओतले. ते इतके लहान होते की खडूनं नंबर घालायला जागा पुरेना.

माझं काम वास घेण्याचं होतं. नैवेद्याचं आहे म्हणून चाखायचं नाही, आणि बायकांचे उपास. मग खोबरं खवट आहे की नाही हे ठरवणार कोण? माझं नाक. मावशी कोयत्यानं नारळ फोडी, पाणी भांड्यात ओती आणि वाटी माझ्या नाकासमोर धरी. मी हो म्हटलं की खवणीवर, नाही म्हटलं की बाहेर. काका खुर्ची घेऊन देखरेखीला बसले. त्यांचा पहिला नारळ फुटला आणि मला मान हलवायचीही गरज पडली नाही. भावजी उठून खिडकी उघडायला गेले, तेही वळसा न घालता.

"एखादा निघतोच," काका म्हणाले.

दुसरा कोरडा निघाला, आत पाण्याचा थेंब नाही. तिसरा बरा होता, पण खोबरं इतकं पातळ की खवणीला दोन फेऱ्यांत करवंटी लागली. चौथा पुन्हा पहिल्यासारखा. काकांनी तिसऱ्याची करवंटी उचलली, कडेनं बोट फिरवलं आणि बराच वेळ ती उलटसुलट करून बघत बसले. बँकेत सही जुळते का बघताना बघत असतील, तसे.

"एवढंच धरलंय याच्यात?" त्यांनी विचारलं. यावेळी मला नाही, ताईला.

"एवढंच," ताई म्हणाली.

"आणि याला चाळीस दिले मी." मग करवंटी खाली ठेवून, "गळाले असणार. जे राहिले ते हे असे."

मी तोंड उघडलं, पण ताईनं माझ्या हातात पुढची वाटी दिली.

या सगळ्यात माझे नंबर कुठे गेले म्हणाल, तर मी वळून पाहिलं तेव्हा मावशीनं सगळा खव एका मोठ्या परातीत काढला होता. माझी पातेली तिनं भिंतीशी उलटी घालून ठेवली होती.

"मावशी! हे कोणाचे कोणाचे?"

"सगळ्यांचो खव एकात गेलो. आता देवाक काय फ्लॅट नंबर सांगतलंस?"

काका सगळ्यांत मोठ्यानं हसले. हसणं त्यांना परवडणारं होतं, कारण परातीत त्यांचा खव सगळ्यांत कमी होता. तोटा भरून कसा निघाला तेही सांगतो. एकवीस मोदकांना पाच नारळ सांगितले तेव्हा ताईनं हिशोबात थोडं जास्तच धरलं होतं. तो जास्तीचा खव खवटांच्या जागी लागला. असा राखीव साठा धरायचा असतो हे आम्हाला कामावर शिकवतात. ताईला तो पाच या आकड्यात सहज बसला होता.

चतुर्थीला पहाटेपासून दारात डबे घेऊन माणसं. हळदीच्या पानांचा वास जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. मोदक थोडे लहान होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. काकांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"ताई, गेल्या वर्षीपेक्षा लहान वाटतात."

"एकवीस आहेत की नाही मोजून घ्या, काका. बाप्पा मोजतो. वजन करत नाही."

काकांनी मोजले. एकवीस होते. "आमच्यात कोणाचा नारळ आहे?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "सगळ्यांचा." त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "मग ठीक आहे. माझा फार नसला म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी आरत्या फिरत असताना चौथ्या मजल्यावरच्या वहिनी प्रत्येक घरी सांगत होत्या की यंदा मोदक एकदम झकास झालेत, कारण नारळ त्यांनी स्वतः निवडून आणले होते. नारळ आणून दिलेले बाकीचे तेवीस संसारही तेच सांगत होते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ताईनं गाळ्याची अनामत भरली. पैसे कमी पडले नाहीत, उरलेही नाहीत. घरातला फरशीवरचा नकाशा तिनं पुसला, पण आता ओल्या फडक्याऐवजी झाडूनं, गाणं म्हणत. दसऱ्याला शटर वर गेलं. रीतीप्रमाणे प्रत्येकजण उंबऱ्यावर फोडायला नारळ घेऊन आला. ताईनं एक फोडला आणि बाकीचे हातातून काढून घेतले. "वेड लागलंय का? केवढ्याला आहेत!" ते सगळे खवून फ्रीझरमध्ये गेले.

काकांनीही एक आणला होता. कानाशी हलवून घेतलेला, पाणी वाजणारा, नाक्यावरचा. किंमत त्यांनी स्वतःहून सांगितली आणि पूर्ण सांगितली. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले ते बसलेच. अजूनही बसतात. सकाळच्या फेरीनंतर त्यांचा मुक्काम तिथेच. शहाळं उन्हाळ्यात अर्धं झालंय म्हणतात, म्हणजे एक दिवसाआड.

परवा दुकानात कोणी नवीन बाई आल्या. ओल्या नारळाच्या करंजीचा भाव ऐकून म्हणाल्या, "एवढी महाग? काय नारळ सोन्याचा आहे का?"

मी गल्ल्यावर होतो. उत्तर द्यायला मी सरसावलो, तोवर काका स्टुलावरून बोलायला लागले होते.

"ताईचा दोष नाही, बाई. माडाला फळ धरायला वर्ष लागतं. तुम्ही आज जो भाव देताय तो गेल्या वर्षीच्या उन्हाचा आहे. कोवळं फळ गळून पडतं. आणि राहतं ते आपण शहाळं म्हणून पिऊन टाकतो."

बाई विचारात पडल्या. "असं आहे होय," त्या म्हणाल्या आणि चार करंज्या घेतल्या.

"आणि," काका म्हणाले, "थोडी माकडं."

मी म्हणणार होतो की माकडांचा भाग तितकासा नाही, निदान त्याचा आकडा उपलब्ध नाही. ताईनं कढईवरून मान न वळवताच म्हटलं, "तू सुट्टे दे रे त्यांना."

मी सुट्टे दिले.